माजघरांतील एंजिन-शेड

वढू बुद्रुक हें नांव मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. भीमेच्या कांठचें, शिरूर तालुक्यांतील हें गांव छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें सर्वांस ठाऊक आहे. नदीपलीकडे तुळापुरास, भीमा, भामा व इंद्रायणी यांच्या संगमावर, १६८९ सालीं महाराजांचा अंत झाला. समाधि मात्र अलीकडे, वढूस. कवि कलशाची समाधिही येथेंच आहे. कोरेगांव भीमावरून दर्शनास येणाऱ्या मंडळींचा ओघ बारा महिने असतो.

या गांवीं जी कधींच आली नाहीं ती आगगाडी. रूळ पाहावयाचे तर कोरेगांवचा पूल ओलांडून दक्षिणेस लोणी किंवा उरुळी गांठावी लागते. असें असूनही यंदाच्या दिवाळींत आमच्या वढूच्या घरीं, माजघरांत, चार रुळांची एंजिन-शेड उभी राहिली. ज्यांच्या घरीं सुट्टींतलीं मुलें आहेत त्या वाचकांस तरी तिची हकीकत रुचेल.

या खटाटोपाचें मूळ पुण्यास आहे. कोथरूड भागांत श्री. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघु-रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. एका दालनांत अख्खें शहर, डोंगर, सिग्नल, रात्रीचे दिवे, आणि त्यांमधून आपापल्या वेळीं धांवणाऱ्या गाड्या. सगळें मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढें. मुलांस तें दाखवून आणलें त्या दिवसापासून घरांत दुसरा विषय राहिला नाहीं. हें कळतांच जर्मनींत नोकरीस असलेल्या पुतण्यानें त्याच मापाचा एक मोठा संच धाडून दिला. पातळ लांकडी फळ्यांतून यंत्रानें कापलेले शेंकडों तुकडे, उभट कौलारू छप्पर, मोठाले दरवाजे. जोडून होणारी शेड दीड हात लांबीची!

मुलें लगेच जोडावयास बसणार होतीं, पण पेटीवरील चित्राचें वर्णन ऐकून काकांनीं त्यांस थांबविलें. आमचे धाकटे काका ऐन उमेदीचीं वर्षें दौंडच्या शेडींत फिटर होते. आतां ऐंशी ओलांडली आहे. एक डोळा गेला, दुसऱ्यास उजेड-अंधार तेवढा कळतो. "छप्पर इतकें उभें कशाला? दौंडला बर्फ पडतें का रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा दरवाजांविषयीं. थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून शेडीस दारें लागतात. आपल्याकडे वारा खेळेल तितका बरा. "मग तुमची शेड कशी होती, आजोबा?" मुलांनीं विचारलें, आणि येथेंच अडचण दिसून आली. घरांत काकांच्या लग्नाचें छायाचित्र आहे, निवृत्तीच्या समारंभाचेंही आहे. ज्या छपराखालीं जन्म गेला त्याचें एकही नाहीं. उरलें होतें तें त्यांच्या स्मरणांत, आणि त्याविषयीं त्यांस आजवर कोणी विचारलें नव्हतें.

म्हणून आम्ही त्यांना घेऊन दौंडास गेलों. पुण्याहून दौंडवरून डिकसाळपर्यंत रूळ पडले १८५८ सालीं. १८७८ सालीं मनमाडचा मार्ग निघाला आणि दौंड जंक्शन झालें. वाफेच्या काळीं असें जंक्शन म्हणजे एंजिनें बदलण्याचें, त्यांना कोळसा-पाणी देण्याचें, राख झाडण्याचें ठिकाण. पुणें-दौंड मार्गाचें विद्युतीकरण २०१७ सालीं झालें. काका फलाटावर बराच वेळ मान वर करून उभे होते. "वास नाहीं," एवढेंच म्हणाले. परततांना मात्र ते गप्प म्हणून बसेनात. पुतणी वहींत लिहून घेत होती: दर रुळावर एकामागें एक दोन एंजिनें, मध्यें हातगाडी जाईल इतकी वाट, रुळांच्या मधोमध खड्डा, कारण तळचा भाग तपासावयाचा तर माणसानेंच खालीं उतरावें लागतें, कोपऱ्यांत वाळू सुकविण्याची भट्टी. चाकें घसरूं नयेत म्हणून रुळांवर सोडावयाची वाळू ओली असून चालत नाहीं.

मग हिशेब झाले. मोठें एंजिन टेंडरसह सुमारें चोवीस मीटर, म्हणजे आमच्या मापानें सत्तावीस सेंटिमीटर, दोन बसलीं. त्रिकोणी भिंती कापून छपराचा उतार कमी केला, दारें काढून टाकलीं, बाजू मोकळ्या केल्या. कौलांच्या जागीं पन्हळी पत्रे हवे होते. खऱ्या पत्र्याच्या दोन लाटांमध्यें तीन इंचांचें अंतर असतें. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग मिलिमीटरहून थोडा कमी, आणि वहिनींच्या लांकडी फणीचे दात जवळजवळ तितकेच दाट! चहाच्या पुड्यांतील चंदेरी कागद फणीवर दाबून मुलांनीं सारें छप्पर शाकारलें. संचासोबत आलेल्या रुळांवरून काकांनीं बोटें फिरविलीं आणि म्हणाले, "हे अरुंद आहेत." खरेंच होतें. आपल्या मोठ्या मार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर. त्या प्रमाणांत एकोणीस हवेत, संचांत साडेसोळा होते. जर्मनीच्या मार्गास तेच बरोबर. ती उणीव मात्र तशीच राहिली.

खरी कसोटी रंगाची होती, कारण ज्यांना रंग माहीत त्यांना दिसत नव्हतें आणि ज्यांना दिसत होतें त्यांना माहीत नव्हतें. "धुरानें छत काळें झालें असेल ना?" असें विचारून पुतण्यानें काळी बाटली उघडली. काका म्हणाले, "सगळें नव्हे. एंजिनाचें धुराडें जेथें उभें राहतें तेथें चुलीवरच्या फळीसारखें. दोन हात सरकलास कीं नुसती राख." पत्र्याचा गंज कसा? भिजलेल्या काताचा. बॉयलर धुतल्यावर वाहिलेल्या पाण्याचे ओघळ? ताक सांडून वाळावें तसे. जमीन? कढईच्या बुडाची, तेलकट. वहिनींनीं एकेक जिन्नस ताटलींत काढून दिला आणि मुलांनीं त्यावरून रंग जुळविले. विटांवर आधीं तांबूस रंग, मग पांढऱ्याचें पाणी फिरवून फडक्यानें पुसून घेतलें. दरजांत तेवढें राहिलें. शेवटीं शेगडींतल्या कोळशाची पूड वस्त्रगाळ करून कोरड्या कुंचल्यानें छपराच्या आंतून लावली. काकांनीं आंत हात घातला, तो काळा होऊन बाहेर आला. त्यांनीं तो नाकाजवळ नेला आणि हात धुवावयास पाणी नको म्हणाले.

सध्यां कोळशाच्या ढिगाचा वाद चालू आहे. काकांच्या मतें तो शेडीच्या पश्चिमेसच हवा. तेथें माजघराचा खांब येतो, आणि तो हलविण्यास वहिनींनीं साफ नकार दिला आहे.