खून झाला, तरी जेवण वेळेवर

सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल' मी रत्नागिरीत, वर्क फ्रॉम होमच्या पहिल्या पावसाळ्यात वाचली. १९२१ची मुंबई, परवीन मिस्त्री ही पारशी वकील, एका गिरणीमालकाच्या तीन पडदानशीन विधवा आणि एक खून. पण लक्षात राहिलं ते जेवण. कुणी मेलं म्हणून परवीनच्या घरातला गोव्याचा आचारी जॉन स्वयंपाक थांबवत नाही.

आजी गेली तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नव्हती. शेजारच्या काकूंनी पिठलंभात आणला. मी तो गपागप खाल्ला आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. असल्या कादंबऱ्यांत भूक लागण्याची लाज कुणालाच वाटत नाही. बहुतेक म्हणूनच, खुनी कोण ते आधी कळलं तरी मी त्या पुऱ्या करतो. (दिवसभर बग शोधणाऱ्याला शेवटी उत्तर मिळणंही आवडतंच म्हणा.)

आजीच्या सांदणांचं उत्तर मात्र मिळत नाही. बरक्या फणसाच्या रसात तांदळाच्या कण्या किती?

"अरे, तिने कधी मोजल्या होत्या?" आई म्हणते.

परवा तिसऱ्यांदा केली. पुन्हा चिकट झाली. आईने दोन खाल्ली.