जाळी, ट्रे आणि मुठा

१५ डिसेंबर
पानशेत धरणाच्या वर, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीच्या पात्रात. पाणी गुडघ्याएवढं, पण बोटं बधिर करणारं. खळाळात उभं राहून पायानं दगडगोटे ढवळायचे आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची. तीन मिनिटं, घड्याळ लावून. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली की आधी नुसता काडीकचरा दिसतो. जरा थांबलं की कचरा चालायला लागतो. मेफ्लायची चपटी पिल्लं, रेशमाची जाळी विणून राहणाऱ्या कॅडिसच्या अळ्या, चतुराचं मातकट पिल्लू. शेवटी एक स्टोनफ्लाय! विद्यार्थ्यांनी गलका केला तो बरोबरच होता. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास रूढ झालेल्या गुणतक्त्यात स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना दहापैकी दहा आहेत, गाळातल्या गांडुळवर्गीय किड्यांना एक. ज्याला प्राणवायू कमी पडलेला चालत नाही, त्याला जास्त गुण.

१६ डिसेंबर
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैविक पद्धत वर्गात शिकवली. गुणतक्ता थोडाफार तोच, पण विविधता मोजायची युक्ती मला फार आवडते. ट्रेमधून एकेक प्राणी उचलायचा आणि विचारायचं, हा आधीच्यासारखा आहे की वेगळा? नाव माहीत नसलं तरी चालतं. वेगळेपणाची नोंद जितकी जास्त, तितकी विविधता मोठी. दोन्ही आकडे जुळवून नदीला अ ते इ असा वर्ग मिळतो, निळ्यापासून लालपर्यंत. पद्धत हाताशी आहे, स्वस्त आहे. वापर मात्र किरकोळ.

९ जानेवारी
पुण्यात मुळा-मुठेवरचा मुंढव्याचा पूल. वास आधी, नदी नंतर. ट्रेमध्ये लालभडक अळ्या आणि ट्यूबिफेक्सचे, म्हणजे गाळातल्या त्या गांडुळवर्गीय किड्यांचे, पुंजके. अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही त्यांना त्याच्या जोरावर तग धरता येतो.

२०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी निघाली. ३५१ पट्टे, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. ती यादी ठरली बीओडीवर, म्हणजे पाण्याचा नमुना तीन दिवस २७ अंशांवर ठेवून जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला त्यावर. चाचणी चांगलीच आहे. पण बाटली त्या घटकेचं पाणी सांगते. रात्री कुणी टँकर ओतून गेला आणि सकाळपर्यंत पाणी पुढं सरकलं, तर बाटलीला पत्ता लागत नाही. दगडाखालच्या किड्याला लागतो, कारण तो तिथंच महिनोन् महिने राहतो.

११ जानेवारी
युरोपीय संघाच्या २०००च्या जलकायद्यात मासे, किडे, वनस्पती, शैवाल यांचं वेगवेगळं मूल्यमापन होतं आणि सगळ्यांत वाईट निकाल हाच नदीचा निकाल. एका विषयात नापास म्हणजे दहावी नापास, असा जुना खाक्या. कडक वाटतो, पण आपल्याकडे तोच हवा. नाहीतर उद्या सांडपाणी शुद्ध होईल, काठ मात्र भिंतींनी आवळलेला असेल, आणि सरासरी काढून आपण नदीला वरच्या वर्गात घालू. दगडगोटेच उरले नाहीत तर मेफ्लाय राहणार कुठं?

२ मार्च
एका सहकारी बाईंचा आग्रह, की आता पाण्यातल्या डीएनएवर जा. लिटरभर पाणी गाळायचं आणि त्यात कोणाकोणाचा अंश आहे ते प्रयोगशाळेत वाचायचं. पकडायला अवघड माशांसाठी हे उत्तमच. पण वाचलेला अंश जुळवून बघायला ओळख पटलेल्या प्राण्यांचा साठा लागतो, आणि सह्याद्रीतल्या कितीतरी किड्यांची त्यात नोंदच नाही. शिवाय तो अंश वरून वाहत आलेलाही असू शकतो. बाईंना म्हटलं, दोन्ही करू. जाळी सोडायची नाही. त्या हसल्या, “तुम्हाला थंड पाण्यात उभं राहायचंय, सर.” खरंच आहे म्हणा.

६ मे
पुन्हा आंबी. खळाळ गायब. तापलेले गोटे आणि मध्ये मध्ये डोह. गुरं घेऊन आलेले एक मामा म्हणाले, “उन्हाळ्यात कुठली आली नदी? डोह ऱ्हात्यात.” जाळीत गोगलगायी, पाणढेकूण, भुंगेरे. तक्त्याप्रमाणे नदी आजारी ठरते. इथं ना कारखाना, ना गटार. बारमाही वाहणाऱ्या इंग्लंडच्या नद्यांसाठी बांधलेली पट्टी दख्खनच्या मे महिन्याला लावली, की निरोगी नदीही अशी खाली घसरते.

यावर उपाय इंग्रजांनीच काढलाय. नुसते गुण बघायचे नाहीत. अशाच उताराच्या, अशाच तळाच्या निकोप नदीत काय सापडायला हवं ते आधी ठरवायचं आणि सापडलेलं त्याच्याशी ताडून पाहायचं. आपली अडचण एवढीच, की ताडायला निकोप नदी आणायची कुठून? मुठेच्या खोऱ्यात वर धरणं, खाली शहर. देवरायांमधले ओढे बघावे लागतील. महाडजवळ काळ नदीवरची वाळण कोंडही. तिथं देवीचे म्हणून महसीर मासे कुणी मारत नाही.

१४ जून
पहिला लोंढा आला. पुरानं तळ धुऊन नेल्यावर लगेच जाळी टाकण्यात अर्थ नाही, किडे परत वस्तीला यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात नोंदीचा तक्ता बदलून घेतला. पहिला रकाना आता पाण्याच्या स्थितीचा: वाहतं, डोह की कोरडं. डोहाचे गुण खळाळाच्या गुणांत मिळवायचे नाहीत. धरणाखालच्या ठिकाणांसाठी वरच्या धरणातून पाणी कधी सुटलं याचाही रकाना आहे. ती तारीख मिळवायला पाटबंधारे खात्याच्या चौकीवर जावं लागेल, ते काम दोन विद्यार्थ्यांनी अंगावर घेतलंय.