आता फक्त दुआच?

सगळे उपाय थकले की आपल्याकडे म्हणतात, "आता फक्त दुआ करा." डॉक्टर म्हणतात, वकील म्हणतात, नातेवाईकही म्हणतात. त्यातला 'फक्त' हा शब्द आम्हाला खटकतो. जणू दुआ म्हणजे डब्याच्या तळाशी उरलेलं घासलेलं नाणं. चाललं तर चाललं.

पवित्र कुरआनात आलेल्या कितीतरी दुआ अशा जागच्या आहेत, जिथे माणसाच्या हिशेबाने काहीच उरलं नव्हतं. हजरत यूनुस (अ.) माशाच्या पोटात होते. हजरत जकरिया (अ.) यांनी केस पांढरे झाल्यावर मूल मागितलं. हजरत यूनुस (अ.) यांच्या दुआत तर सुटकेची मागणीच नाही. अल्लाहच्या एकत्वाची, पावित्र्याची साक्ष आणि स्वतःच्या चुकीची कबुली, एवढंच. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण ऐकलेलं आणि अंगावर आलेलं यांत फरक असतो.

2021 साली बकरी ईद 21 जुलैला होती. कोरोनामुळे नमाज घरीच झाली. त्या रात्री पाऊस असा लागला की बोललेलं ऐकू येईना. पहाटेआधीच वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळुणातल्या गल्लीत शिरलं. धाकटा भाऊ दुकानातला माल वर चढवायला गेला होता. तो तिकडेच अडकला आणि त्याचा फोन बंद झाला. घराच्या भिंतीवर 26 जुलै 2005 च्या पुराची खूण होती. उजाडेपर्यंत पाणी ती ओलांडून जिना चढू लागलं. माडीवर आम्ही सातजण आणि समोरच्या बैठ्या घरातलं हिंदू कुटुंब, मिळून तेराजण. वहिनी एका कोपऱ्यात मारुतीचं नाव घेत होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात अम्मी चिंचोक्यांवर आयते करीमा मोजत होती. कोणी कोणाला अडवलं नाही, आणि तशी वेळही नव्हती.

नमाजची वेळ झाली तेव्हा चहूकडे पाणी, पण सगळं डिझेल आणि गटाराचं. पिण्याची एकच कळशी होती. दादी म्हणाली, "कळशीला हात लावू नका, पागोळ्या आहेत ना!" कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्यांखाली भांडं धरून सर्वांनी वजू केला. ज्या पावसाने बुडवायला घेतलं होतं, त्याच पावसाने.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातली एक हकीकत हदीसमध्ये येते. जुम्याच्या खुत्ब्यात एकाने पावसासाठी दुआ करायला सांगितलं. पाऊस आला तो आठवडाभर थांबेना. पुढच्या जुम्याला लोक तो थांबावा म्हणून विनवू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) पाऊस वस्तीवर न पडता आसपासच्या टेकड्यांवर, ओढ्यांवर पडो, अशी दुआ केली. दादीने तीच दुआ मागितली. धाकटी बहीण म्हणाली, "दादी, डोंगरावर पडलं की ते खाली आपल्याकडेच येतं!" दादी म्हणाली, "अल्लाहला वाशिष्ठीचा उतार ठाऊक आहे. तू आमीन म्हण."

आणि आम्ही नुसते बसलो नव्हतो. बाबांनी कौलं काढून वर जायला वाट केली, लाल ओढणी काठीला बांधली, मुलांच्या कमरेला दोर बांधले. हजरत हाजरा (अ.) यांनी तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या मारल्या. त्यांचा अल्लाहवर भरवसा नव्हता म्हणून त्या धावल्या, असं कोण म्हणेल? आणि जमजम निघालं ते त्या धावत होत्या तिथे नव्हे, बाळाजवळ.

भाऊ 23 तारखेला, पाणी ओसरल्यावर चिखलातून चालत आला. दुकानाशेजारच्या इमारतीच्या जिन्यावर वीसेक माणसांसोबत त्याने रात्र काढली होती. दुकान गेलं, त्याचं कर्ज मात्र राहिलं. तरी अम्मीने शुक्राच्या दोन रकात पढल्या.

हे इथेच संपवलं तर गोष्ट गोड होईल. पण आमच्याच गल्लीतल्या एका खालानेही ती रात्र सजद्यात काढली होती. तिच्या शौहरना हृदयाचा त्रास होता. गच्चीवरून दवाखान्यात न्यायला वाट नव्हती. 22 तारखेला ते गेले. तिची दुआ आमच्यापेक्षा कमी कळकळीची होती, असं म्हणायची आमची हिंमत नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने समजावलं की दुआ वाया जात नाही: मागितलेलं मिळतं, नाहीतर एखादी बला टळते, नाहीतर आखिरतसाठी राखून ठेवलं जातं. हदीस खरी आहे, आमचा तिच्यावर विश्वास आहे. पण ती स्वतःला सांगायची असते. ताज्या दुःखात बसलेल्या बाईच्या पदरात ती अशी टाकायची नसते, असं आम्हाला वाटतं. खाला गप्प राहिली.

पुढे बऱ्याच दिवसांनी ती अम्मीजवळ बोलली. "रात्रभर मी त्यांचा श्वास मागत होते. पहाटे त्यांचा हात गार लागला, तेव्हा मागणं आपोआप बदललं. म्हटलं, या अल्लाह, आसान कर. ते आसान झालं, आपा. माझ्या मांडीवर डोकं होतं, कलमा ओठांवर होता."

आता पावसाळा लागला की ती आमच्या माडीवर येऊन बसते, चिंचोक्यांची पिशवी घेऊन. कोणासाठी पढतेस, असं बहिणीने एकदा विचारलं. म्हणाली, "नदीकाठी राहणाऱ्या सगळ्यांसाठी."