अंधारांतलें एक क्रियाविशेषण

‘डार्कलिंग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘खिन्नपणें’ असा सांगितला कीं विद्यार्थ्यांचें समाधान होतें. शब्दावर मात्र अन्याय होतो. ‘डार्क’ या शब्दाला क्रियाविशेषणाचा एक जुना प्रत्यय लागून तो सिद्ध झाला आहे. ‘अंधारांत असतां’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यांत स्थिति आहे, मनोवृत्ति नाहीं.

डॉक्टर जॉन्सनही येथें चकला. ‘डार्कल’ या क्रियापदाचें हें धातुसाधित असावें, असा तर्क त्यानें १७५५ च्या आपल्या कोशांत केला. मात्र तें क्रियापद आपणांस कोठें आढळलें नाहीं, हेंही त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें. गंमत अशी कीं, पुढें एकोणिसाव्या शतकांत तें क्रियापद कवींनीं खरोखरच वापरलें!

‘किंग लिअर’मधील विदूषक हा शब्द उच्चारतो तो मेणबत्ती विझल्याबद्दल. आर्नल्डच्या ‘डोव्हर बीच’मध्यें (१८६७) त्यावर विषादाची गडद छाया पडली, हें खरें. पण त्यापूर्वीं मिल्टननें ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्यें (१६६७) तो रात्रीं गाणाऱ्या नाइटिंगेलला लावला, आणि तेथें आपल्या अंधत्वाची व काव्याची सांगड त्या पक्ष्याशीं घातली. कीट्सनें १८१९ मध्यें त्याच पक्ष्याचें गाणें ऐकतांना तो स्वतःलाच लावून घेतला.

‘खिन्नपणें’ या भाषांतरांत हें गाणें हरवतें. आपला साधा ‘अंधारांत’ हाच शब्द मला अधिक इमानी वाटतो. दिवा नसला म्हणून कंठ मिटत नाहीं, हें सांगावयास तो पुरेसा आहे.