डोहातील थरथर

चिंचोटीचा धबधबा पाहावयास जावे ते पावसाळा ओसरल्यावर, असे आमचे मत आहे. ऐन आषाढात तुंगारेश्वरच्या रानातून पाणी उसळत येते, आणि त्या डोहाने आजवर कित्येकांचा बळी घेतला असल्यामुळे तेव्हा तेथे बहुधा बंदीच असते. कार्तिकात धार बारीक होते, डोह निवळतो, आणि कातळावर बसून पाण्यातील झाडांची प्रतिबिंबे स्वस्थपणे न्याहाळता येतात.

गेल्या कार्तिकात आमचा एक जुना विद्यार्थी बरोबर होता. वीस वर्षांपूर्वी त्याने आमच्यापाशी एका प्रयोगाची परवानगी मागितली होती. द्रावणात बुडविलेल्या सोन्याच्या इलेक्ट्रोडवरून प्रकाश परावर्तित करावयाचा, त्याचा विद्युद्दाब किंचित खालीवर करीत राहावयाचे, आणि परतणाऱ्या प्रकाशात काय फरक पडतो ते मोजावयाचे. फरक तरी केवढा? दहा हजारांत एक, पुष्कळदा त्याहूनही कमी! "अरे, दिवाच त्याहून अधिक लुकलुकतो," असे म्हणून आम्ही हसलो आणि त्याला दुसरा विषय दिला. वाक्य चुरचुरीत होते; प्राध्यापकांच्या खोलीत ते आम्ही दोनतीनदा ऐकविलेही.

डोहावर वाऱ्याची झुळूक आली, प्रतिबिंब थरथरले, आणि तो विषय पुन्हा निघाला.

"आपण म्हणालात ते खरे होते, सर," तो म्हणाला, "पण दिव्याची लुकलुक आपल्या तालावर नसते."

सारे मर्म एवढ्यातच आहे. भजनाच्या गलबल्यात ज्याचा कान एका टाळाच्या ठेक्याला लागला, त्याला तो टाळ वेगळा ऐकू येतो. तसे दाबाच्या तालावर हलणारा प्रकाशाचा अंश तेवढा वेचून घेणारे यंत्र असते. स्थिर ते सारे गळून पडते. उरते ती पृष्ठाची थरथर. धातू व द्रव यांच्या सीमेवर, मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागात, एखादा व्होल्ट सामावलेला असतो. हिशेब केल्यास सेंटीमीटरला एक कोटी व्होल्ट इतके क्षेत्र निघते! इलेक्ट्रॉनांच्या झोतावर चालणारी उपकरणे निर्वात जागा मागतात, ती पाण्याखाली काय करणार? प्रकाशाला मात्र पाण्याची अडचण नाही. १९६६ साली फाइनलाइब यांनी सोन्याचांदीवर हा परिणाम दाखविला. १९७१ साली मॅकिन्टायर व अ‍ॅस्पनेस यांनी अतिशय पातळ थरांसाठी त्याचे गणित मांडले. सोन्यात ही थरथर हिरव्यानिळ्या प्रकाशापाशी ठळक होते, म्हणजे जेथून सोने प्रकाश गिळू लागते व ज्यामुळे ते पिवळे दिसते, नेमकी तेथेच. ती धातूच्या इलेक्ट्रॉनांची किती आणि त्यावर चिकटलेल्या रेणूंची किती, हे उलगडणे मात्र जिकिरीचे काम.

हे सर्व त्याने काटकीने ओल्या मातीत रेघा ओढून आम्हांस समजाविले. आता तो एका बँकेत अधिकारी आहे.

"हे तुला तेव्हाच ठाऊक होते?" आम्ही विचारले.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

तो काटकीची साल सोलीत राहिला. "आपण हसलात, सर."

ऊन कलले होते. नायगावची गाडी गाठावयाची होती. उतरताना निसरड्या कातळावर त्याने आमचा हात धरला आणि वाट सपाट होईपर्यंत सोडला नाही.