चोविसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरचं घर

सिएटलला येऊन मला कितीतरी वर्षं झाली, तरी सेंट्रल डिस्ट्रिक्ट मी बसच्या खिडकीतूनच पाहिलेलं. एका शनिवारी ऑफिसातली मैत्रीण मला तिथल्या चोविसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या घरी घेऊन गेली. घराचं नाव 'वा ना वारी'. 'वारी' ऐकून मी चमकलेच. पण हे शब्द नायजेरियातल्या कालाबारी भाषेतले. अर्थ, आमचं घर.

इन्ये वोकोमा या कृष्णवर्णीय कलाकाराच्या आजी-आजोबांनी 1950च्या दशकात ते घेतलं. नातवाने 2019 साली तीन सहकाऱ्यांसोबत तिथे कलाकेंद्र सुरू केलं. केंद्र घरासाठी भाडं देतं आणि त्या भाड्यावर घर कुटुंबाकडेच राहतं. मला ही युक्ती फार आवडली. बैठकीच्या खोलीत चित्रं, निजायच्या खोलीत पडद्यावर चित्रफीत, आणि पाहून झालं की व्हरांड्यात बसून गप्पा. बसा म्हणणारं कुणीतरी असतंच.

एवढा आटापिटा का, ते कळायला मागचं माहीत हवं. 'गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये' अशी अट शहरभरच्या कितीतरी खरेदीखतांत असे. घर विकताना-देताना वर्णभेद करू नये, हा प्रस्ताव 1964 साली मतदारांनी फेटाळला. कायदा व्हायला 1968 उजाडलं. तोवर कृष्णवर्णीयांनी राहायचं ते याच भागात. 1970च्या सुमारास इथले 70 टक्क्यांहून जास्त रहिवासी कृष्णवर्णीय होते, आता 20 टक्केही नाहीत. ज्या घरांना पूर्वी बँका कर्ज देत नव्हत्या, त्यांच्यावर आता आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या उड्या पडतात. मालमत्ता कर चढतो आणि म्हातारी माणसं विकून लांब जातात. या भाववाढीत माझाही पगार आहे, हे मला तिथे उभं असताना टोचलं.

जागेसाठीची ही झुंज जुनी आहे. 1985 साली काही कार्यकर्ते बंद पडलेल्या कोलमन शाळेत घुसले आणि संग्रहालयाच्या मागणीसाठी आठ वर्षं तिथे ठाण मांडून बसले. 2008 साली तिथेच आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय उघडलं, वरच्या मजल्यांवर 36 परवडणारी घरं. त्या कार्यकर्त्यांपैकी एकाचा मुलगा, वायकिंग गॅरेट, पुढे 'आफ्रिकाटाउन' या इथल्या जमिनी समाजाच्या हाती ठेवू पाहणाऱ्या संस्थेचं काम पाहू लागला. या संस्थेच्या मागणीवरून जुनं अग्निशमन केंद्र क्रमांक 6 विल्यम ग्रोस केंद्र झालं. ग्रोस म्हणजे 1882 साली इथे 12 एकर जमीन घेणारा कृष्णवर्णीय व्यावसायिक.

निघताना व्हरांड्यात एक आजी बसल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या एकेका घराकडे बोट दाखवत त्या कोण कुठे राहायचं ते सांगत होत्या. शेजारी बसलेली कॉलेजातली मुलगी ते वहीत उतरवून घेत होती. एका नावाशी आजी अडखळल्या. मुलीने पेन खाली ठेवलं आणि आठवेपर्यंत थांबली.