बिडाचा पाय

आमच्या धाराशिव जिल्ह्याला लागून बीड नांवाचा जिल्हा आहे. पण ज्या बिडानें आम्हांस शहाणपण शिकविलें तें ओतीव लोखंड होय. कडबा तोडण्याचें आमचें हातयंत्र वडिलांच्या वेळचें. गेल्या हिवाळ्यांत त्याचा बिडाचा एक पाय मोडला. आम्हीं तो एका दुकानांत वेल्डिंग करून आणला. सांधा मोठा देखणा दिसत होता. परंतु तीनच दिवसांत त्याच्या शेजारीं नवी तड गेली.

यांत आमचें अज्ञानही होतेंच. वेल्डिंगमध्यें मूळ धातूच वितळवावा लागतो, व त्यासाठीं एका जागीं प्रखर उष्णता द्यावी लागते. निवतांना ती जागा आकसते. मऊ पोलाद हा ताण सोसतें. शेंकडा 2 ते 4 कार्बन असलेलें ठिसूळ बीड तडकतें.

दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनीं झाळण्याचा, म्हणजे ब्रेझिंगचा, मार्ग धरला. त्यांनीं तड घासून लख्ख केली, कारण तेलकट जागीं झाळ धरत नाहीं. टाकणखार घालून सारा पाय मंद तांबूस होईपर्यंत तापविला आणि पितळी सळई वितळवून झाळ दिला. पितळ सुमारें 900 अंश सेल्सिअसला वितळतें, बीड 1,150 च्या पुढें. म्हणून बीड न वितळतां सांधा जुळतो. मग तो पाय त्यांनीं राखेंत पुरून रात्रभर निवूं दिला.

"मिस्त्री, मग सर्वच झाळावें काय?" आम्हीं विचारलें.

"नाहीं मालक. आंचेजवळ पितळ दगा देतें. आणि ट्रॉलीच्या पोलादाला वेल्डिंगच बरें."

बोलतां बोलतां त्यांनीं यंत्राच्या चाकावर हातोडी वाजविली. आवाज बद्द आला; आंत तड होती. ज्या चाकाला वडिलांचे हात लागले, तें टाकवेना. "हेंही झाळा," आम्ही म्हणालों.

"फिरत्या चाकाला मी हात लावणार नाहीं. पेंढी कोण लावतो?"

पेंढी आमचा मुलगा लावतो. आम्ही निरुत्तर झालों.

चाक नवें आलें. पायावर मात्र पिवळी रेघ उमटून दिसते. घरच्या मंडळींनीं ती रंगानें झांकण्याचें सुचविलें; आम्हीं मानलें नाहीं. सांध्यावर नजर ठेवावयाची, तर तो दिसला पाहिजे.